चौकटीतली चूक

आमचे हे प्रोग्रामर. यांची नजर हळूहळू गेली, आता पडद्यावरची अक्षरं लागत नाहीत. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. कळलं तर नोकरी गेलीच, असं यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, आलेलं उत्तर हेडफोनमधला आवाज वाचून दाखवतो, त्यावर यांची गाडी चालली होती.

मग ऑफिसने ठरवलं, टाइप केलेली कमांड प्रोग्रामला समजावून देणारी पायथन भाषेतली एकच तयार लायब्ररी सगळीकडे वापरायची. आर्गपार्स, क्लिक आणि टायपर या तीन लायब्ऱ्या तपासायचं काम नेमकं यांच्याकडे आलं. हे रविवारभर मुद्दाम चुकीच्या कमांड देत बसले आणि कानांनी परीक्षा घेतली. आर्गपार्स आधी कमांड वापरायची सगळी पद्धत घोकून दाखवते, चूक शेवटी सांगते. क्लिक थोडक्यात आटपते. टायपर चुकीभोवती छान चौकट आखते, आणि तो आवाज बिचारा एकेक रेघ वाचत सुटतो. "रेघ, रेघ, रेघ" ऐकून मला हसू फुटलं. हे हसले नाहीत.

"क्लिक घ्या म्हणून ऑफिसात सांगा, आणि का तेही सांगा," मी म्हटलं.

"का ते सांगितलं की घरी बसवतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

यावर यांनी हेडफोन परत कानाला लावले. या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं.

रिपोर्टमध्ये यांनी एवढंच लिहिलं, की क्लिकचे मेसेज आटोपशीर आहेत. मीटिंगमध्ये सगळ्यांनी तिन्ही लायब्ऱ्या डोळ्यांनी पाहिल्या आणि सगळे टायपरच्या चौकटीवर भाळले. टायपरसाठी हात वर झाले. यांनीही केला. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काल हे घरून काम करत होते. कमांड अडली आणि तेवढ्यात साहेबांचा फोन आला, एरर काय आहे म्हणून. "बघतो," म्हणाले. हेडफोनमधल्या रेघा संपेनात. शेवटी यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"वाच गं जरा."

असं यांनी कधीच म्हटलं नव्हतं. मी वाचलं. फाइलचं नाव द्यायचं राहिलं होतं.

"एवढंच?"

"एवढंच."

यांनी ते फोनवर सांगितलं. साहेब हसल्याचं मलाही ऐकू आलं. "इतकं समोर असून दिसलं नाही? घरी लक्ष लागत नाही तुमचं. सोमवारपासून ऑफिसातच बसा."

हेही त्यांच्याबरोबर हसले. फोन ठेवला आणि माझा हात धरला.

"तिथे कोण वाचणार गं?"