विभागीय सभेतला माझा खोकला

आमच्या पांढरकवड्यात पोरगं आधी थुंकायला शिकतं, मग रांगायला. बसस्थानकाचा कोपरा, कचेरीचा जिना, दवाखान्याची भिंत, सगळं तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्यांनी असं रंगलंय की गावातल्या रंगाऱ्यांना उपाशी मरायची पाळी आली. हैदराबादकडे जाणारा ट्रक आमच्या चौकात पांढरा शिरतो आणि लाल होऊन बाहेर पडतो. याची कुणाला कधी किळस आली नाही. किळस आली असती ती माझ्या निळ्या डब्याची, कारण मी थुंकी झाकण लावून नेत होतो.

माझं दुकान मोटारसायकल दुरुस्तीचं. पण आठवड्यातले दोन दिवस मी पोडांवर फिरायचो. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. डांबर संपल्यावर दोन नाले आणि एक टेकडी ओलांडली की लागते. तिथल्या टीबीच्या माणसांच्या थुंकीच्या डब्या घ्यायच्या, निळ्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवायच्या आणि ऊन तापायच्या आत तपासणीला पोचवायच्या. एक संस्था हे काम करवून घ्यायची आणि संस्थेला परदेशातून निधी यायचा. कुठल्या देशातून, ते मला कुणी सांगितलं नाही. मी लोकांना दर खेपेला नवा देश सांगायचो.

टीबीचं नाव निघालं की त्या घरचं पाणी कुणी पीत नाही. म्हणून मी सगळीकडे सांगून ठेवलं होतं, मी माती तपासणीवाला, डब्यात शेतातली माती आहे. मग काय, लोक खरीच माती आणून द्यायला लागले. रुमालात, लोट्यात, एका काकांनी तर पोतंभर. ती मी पुढच्या नाल्यात ओतायचो आणि आठ दिवसांनी निकाल सांगायचो, "काका, तुमची माती रागीट हाय. तिले शेणखत चारा." त्या वर्षी काकांची तूर अशी माजली की तिच्यात बैलजोडी हरवली. शोधायला गेलेला गडीही दोन दिवस सापडला नाही.

एका पोडावर एक बाई होती. शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. तिला साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी झाला होता. पहिले काही महिने ती बहिणीचं बाळंतपण सांगून दुसऱ्या गावी राहिली. थुंकी साफ आली, डॉक्टरांनी सांगितलं की आता हिच्यापासून कुणाला लागण नाही, तेव्हा कामावर परतली. पण औषध अजून चालू होतं आणि दर महिन्याला डबी जायलाच हवी होती. एक डबी चुकली आणि आत आजारानं पुन्हा डोकं काढलं, तर कळणार कसं?

ती मला म्हणायची, "भाऊ, आजार मले मारीन तवा मारीन. पण गावाले समजलं त माही चूल आजच इझते."

आणि अशातच बातमी आली की परदेशातला हात आखडतोय. संस्थेच्या मॅडमचा फोन आला. यवतमाळला विभागीय सभा ठेवली होती. विदर्भातल्या सगळ्या संस्था मिळून पाहुण्यांना निवेदन देणार होत्या, की बाबांनो, निधी थांबवू नका.

"चाचा, एक पेशंट आणा," मॅडम म्हणाल्या. "बोलका हवा. आणि जरा वाळलेला असेल तर बरं."

निधी हवा होता, यात मस्करी नाही. मी बाईला विचारलं. मॅडमनी शब्द दिला होता, फोटो नाही, नाव नाही, फक्त मागच्या खुर्चीवर बसायचं. आधार कार्डाच्या दुरुस्तीचं निमित्त काढून ती माझ्याबरोबर एसटीत बसली.

हॉल असा गार की तिथे थुंकी बर्फाशिवाय आठवडाभर टिकली असती. फलक एवढा मोठा की त्यात तिच्या पोडातल्या सगळ्या घरांना पडदे झाले असते. हार, तुरे, शाली. एक साहेब गरिबांच्या आजारावर तासभर बोलले आणि प्रत्येक हस्तांदोलनानंतर हाताला दवा चोळत राहिले. बाई पदर गच्च ओढून बसली होती, खोकला दाबत. गारठ्याचा खोकला, पण दाबत होती.

तेवढ्यात मॅडम माइकवर गेल्या. "आज आपल्यामध्ये एक धाडसी भगिनी आली आहे..."

सगळे कॅमेरे मागे वळले. त्यातला एक पोरगेला पत्रकार आमच्याच तालुक्याचा. म्हणजे संध्याकाळपर्यंत बाईचा चेहरा पोडावरच्या प्रत्येक फोनवर. बाईनं माझ्या बाहीला असं धरलं की शिवण उसवली.

मी उठलो. "भगिनी नाही, मॅडम. भाऊ आहे. पेशंट मी."

आणि सुटलो. म्हटलं, मी खोकलो की शेजाऱ्याच्या घरावरची कवेलू उडायची. कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं. वणीकडच्या खाणीतले मजूर माझा खोकला ऐकून सुरुंग समजून बाहेर पळायचे. लोक हसले. मग मी बाईचंच सांगितलं, माझं करून. बहिणीचं खोटं बाळंतपण बायकोच्या नावावर घातलं, गोळ्यांची मळमळ माझ्या पोटात घातली, आणि म्हटलं, डबी पोचली नाही तर माणूस जातो, आणि कुणाला समजलं तर चूल आजच विझते. पाहुण्यांनी चष्मे पुसले.

मॅडम कानाशी आल्या. "चाचा, एकदा खोकून दाखवा ना. व्हिडिओसाठी."

खोकलो. टाळ्या पडल्या. खोकल्याला टाळ्या! आणि स्टेजवर मला मिठी मारणाऱ्या त्याच साहेबांनी जेवताना आपलं पनीर उचलून तीन टेबलं पलीकडे नेलं.

परतीच्या एसटीत बाई म्हणाली, "भाऊ, येवढा खोकला येते का कोणाले?"

"मले येते."

"वहिनी काय म्हणन?"

तिची वहिनी, म्हणजे माझी बायको, रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "पूरी जिंदगी झूठ बोले, किसीने नहीं माना. अब माने भी तो ये!"

कारण व्हिडिओ घरी माझ्याआधी पोचला होता. दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं माझ्यासाठी कागदी कप काढला. गिऱ्हाइकं गाडी रस्त्यापलीकडे लावून ओरडून बिघाड सांगायला लागली. मी तपासणीचा साफ कागद दुकानाला चिकटवला, तर म्हणाले, "चाचाचं काय खरं हाय?" एक जण, ज्याच्या गालात अर्धा पाव खर्रा होता, माझ्याच पायरीवर लालभडक पिंक टाकून म्हणाला, "चाचा, तोंड झाकत जा ना. लोकायले लागते."

शेवटी शेजारचे चार दुकानदार आले. "तुले नसन टीबी, त मग कोणाले हाय? नाव सांग. नाही त दुकान बंद ठेव."

नाव जिभेवर होतं. एका नावात माझी गिऱ्हाइकं परत आली असती. त्या चौघांच्या बुटांखालच्या पिचकाऱ्यांकडे पाहिलं आणि ते नाव गिळलं. दुकान महिनाभर बंद ठेवलं.

निवेदनाचं उत्तर आलं, विचार चालू आहे. तोवर बर्फाच्या पिशव्या बंद, फेऱ्या बंद. बाईच्या अजून तीन डब्या राहिल्या होत्या. तेवढ्यात मॅडमचा फोन. नागपूरला आणखी मोठी सभा, आणखी मोठे पाहुणे. मी यावं.

"मॅडम, मले टीबी नाही. मी खोटं बोललो."

"माहीत आहे मला, चाचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुमचा खोकला फार चांगला येतो."

मी फोन कानापासून दूर धरला. त्यातून वास येतोय असं वाटलं. मग परत कानाला लावला. म्हटलं, येतो. पण त्या पोडाच्या तीन फेऱ्या आणि बर्फ, आधी लेखी द्या.

लेखी आलं. मी नागपूरला गेलो आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचे कागद उडतील असा खोकलो. टाळ्या संपायच्या आत जिना उतरून गाडी पकडली. उजाडल्यावर पोडावर गेलो. बाई शाळेत जायला निघाली होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पदराआडून डबी माझ्या हातात दिली.