गप्प बसण्याचा होकार

घुम्या मिस्त्रीला नाही म्हणता येत नसे, असं काही नव्हतं. तो नाहीच म्हणायचा, फक्त तोंड न उघडता. शिलाई मशीन घेऊन एखादं घासाघीस करणारं गिऱ्हाईक आलं, की हा मान खाली घालून शटलमधला दोऱ्याचा गुंता उकरत बसे. गिऱ्हाईक काय ते समजून वाटेला लागे. बायकोनं तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं : हे बोलले तर होकार, गप्प तर नकार. "जगाच्या मशीनला तेल देता, जिभेवरही थोडं सोडा," म्हणायची. त्यावरही हा गप्प.

सुनेनं त्याची वेबसाइट काढली. नावावरून घरात बराच खल झाला आणि शेवटी गल्लीनं चिकटवलेलं टोपणनावच ठेवलं. जुन्या मशीनचे कुठंच न मिळणारे भाग घुम्या मिस्त्रीकडे मिळतात, हे लांबलांबच्या शिंप्यांना त्या नावानंच कळलं. दुकान बोळाच्या टोकाला, अंधारं. नावाचे पाय मात्र लांब.

मग एका दुपारी एका गोडबोल्याचा फोन आला. साइटचं नाव जिथं नोंदवलंय त्या कंपनीतून बोलतोय, तपासणी झाली नाही तर साइट बंद पडेल, म्हणाला. मिस्त्री घाबरला. सांगितलं ते बटण दाबलं, नाव दुसरीकडे जाऊ न देणारं कुलूप काढलं, स्क्रीनवर आलेला कोड अक्षर-अक्षर वाचून दाखवला. जन्मात कधी नव्हे तो घडाघडा बोलला, आणि बोलला तो चोराशी.

दोनेक दिवसांत खऱ्या कंपनीची मेल आली. सुनेनं दुकानात येऊन विचारलं, "बाबा, आपलं नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवायचंय का म्हणून विचारतायत."

मिस्त्री सुईदांडा उजेडात धरून वाक बघत राहिला. फोनवाल्याची कसली तरी तपासणी असेल, पण नाव कशाला हलवायचं? सून समजली. नाही म्हणजे नाही. घरच्या रिवाजाप्रमाणे विषय तिथंच मिटला.

मेलच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं : मुदतीत हरकत आली नाही, तर संमती आहे असं धरलं जाईल.

नाव गेलं. साइट तशीच दिसत होती, मिस्त्रीच्या फोटोसकट. मागणी मात्र दुसऱ्याच कुणाकडे जात होती. कंपनीला फोन लावला, की आधी बाजा वाजे, मग हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, मग पुन्हा बाजा. कानाला घाम फुटल्यावर एकदाची एक मुलगी भेटली.

"सर, तुम्ही नकार कळवला नाहीत."

"मी गप्प बसलो होतो."

"तेच तर, सर. गप्प बसणं म्हणजे होकार."

"कुणाच्या घरी?" मिस्त्री म्हणाला.

ती नियम वाचू लागली. सून मध्ये पडली, फोनवाल्याची फसवणूक सांगितली, तक्रार लिहून घ्यायला लावली. चार खेटे झाले, तेच तेच पुरावे पुन्हा पाठवून झाले, तेव्हा कळलं, की चौकशी संपेपर्यंत नाव आता कुणालाच हलवता येणार नाही. म्हणजे परत मिळालं का? नाही. तोवर ते चोराच्याच ताब्यात. बायको चिडून म्हणाली, चोराच्या घराला बाहेरून कडी घातली आणि आपली भांडी आतच. सुनेनं कंपनीकडच्या खात्याचा पासवर्ड वगैरे सगळं पुन्हा घट्ट केलं, पण घट्ट करायला आता हातात होतं काय?

त्यात दुकानाच्या जुन्या नंबरावर एका शिंपीणबाईचा फोन आला. भलतीच बॉबिन केस पाठवलीत, लग्नाचे कपडे अडकलेत, म्हणून तिनं फैलावर घेतलं.

मिस्त्रीनं हातातला पेचकस खाली ठेवला. "बाई, तो मी नाही. साइट चोरीला गेलीय."

"फोटो तर तुमचाच आहे."

"फोटो माझाच आहे," मिस्त्री म्हणाला. मग तिच्या मशीनचा नंबर विचारून घेतला आणि खोक्यात तिच्या मापाची बॉबिन केस शोधू लागला.