कोपरा फाडलेलं कार्ड

आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या माळ्यावर जुनं पाकीट सापडलं की मला फोन येतो. टपाल तिकिटांबद्दलचं माझं ज्ञान म्हणजे एक भिंग, एक चिमटा आणि चेहऱ्यावर आणता येणारं गांभीर्य. बायकोच्या मते यातली तिसरी गोष्टच खरी.

गेल्या वर्षी शनवारा भागातल्या काकूंनी बोलावलं. त्यांचे यजमान, माझे शाळेतले गुरुजी, सहा महिन्यांपूर्वी गेले होते. मुलगा इंदूरहून येऊन त्यांचा तिकिटांचा अल्बम विकायला नेणार होता. त्याआधी मी तो बघावा, एवढंच काकू म्हणाल्या.

भर दुपारी भिंग लावून बसलो. तिकिटं सगळी रोजच्या वापरातली, ढिगानं छापलेली. त्यात प्रत्येक तिकीट खालच्या कार्डासकट कापलेलं, शिक्का अर्धाच. आम्हा संग्राहकांचा पहिला धडा असा की शिक्क्याचं कार्ड अख्खं ठेवायचं. तिकीट कापलं की किंमत गेली. हे मी काकूंना बरंच लांबवून समजावलं. त्या ऐकत होत्या. तिकिटाखाली आम्ही छपाईचं साल लिहितो, तिथे गुरुजींनी पेन्सिलीनं एकेक तारीख आणि गावाचं नाव लिहिलं होतं.

एका तिकिटामागची डिंकाची पट्टी सुटली होती. मी सवयीनं ती जिभेला लावून चिकटवली, तेव्हा काकू म्हणाल्या, "हा जसोंडीचा. विहिरीत पडला होता."

मग त्यांनी सांगितलं. गल्लीत ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं गुरुजी ओट्यावर उभे राहून वाचत. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते मरणाचं. ते घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचून फाडून टाकायचं. गुरुजी आधी खाकरत, मग वाचत, मग फाडत. पण तिकिटापुरता तुकडा खिशात ठेवत. माणूस सगळाच्या सगळा फेकून देणं त्यांच्या जिवावर येई.

मी पुढची पानं बोटाच्या टोकानं उलटली. धूलकोटचे एकाच आठवड्यातले तिघे होते. शेवटच्या पानावर एक जागा रिकामी होती, आणि तिच्याखाली काकूंच्या अक्षरात गुरुजींची तारीख. त्यांची बातमी सगळीकडे मोबाईलवर गेली होती. कार्ड निघालंच नव्हतं.

आठ दिवसांनी माझ्या पत्त्यावर कार्ड आलं. कोपरा फाडलेला, अक्षर काकूंचं, मजकूर दोन ओळींचा: गुरुजी गेले, कळावे. खरं तर काय करायचं ते अगदी उघड होतं. पण शिक्का असा गोल, असा स्वच्छ बसला होता की माझ्यातला जाणकार जागा झाला. मी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवलं, अख्खं. बायकोला सांगितलं नाही, यावरूनच काय ते समजा.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी, टपाल येण्याच्या सुमाराला, दाराबाहेर कुणीतरी खाकरायचं. दार उघडावं तर पायरीवर ऊन. पहिल्यांदा मी शेजाऱ्यांच्या तंबाखूला दोष दिला. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, बाहेर जे कोण आहेत त्यांना आत तरी बोलवा. मी नको म्हणालो, आणि इतक्या जोरात म्हणालो की ती माझ्याकडे बघतच राहिली. चौथ्या दिवशी आवाज उंबऱ्याच्या आणखी जवळ आला. वाचायला सुरुवात करण्याआधी माणूस खाकरतो आणि क्षणभर थांबतो, तसा तो थांबायचा. पुढे काहीच यायचं नाही.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. मुलगा उद्या येतोय, म्हणाल्या.

"भाऊ, कार्ड मिळालं ना?"

"मिळालं, काकू."

"फाडलं?"

मी मुलाची गाडी किती वाजता येते ते विचारलं.

"म्हणजे नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "किमतीचं राहू द्या हो. ते त्या रिकाम्या जागी बसायला हवेत, अल्बम जायच्या आत. तुम्ही फाडलं नाही तर ते पोचणार कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कार्ड घेऊन पायरीवर उभा राहिलो. दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. गळा साफ करायची गरज पडली नाही. ते काम माझ्या डाव्या खांद्याच्या मागे कुणीतरी आधीच केलं होतं. मी मागे वळलो नाही. तिकिटाचा तुकडा ठेवून कार्ड फाडलं. शिक्का बरोबर मधून गेला, आणि लाज वाटते सांगायला, तेवढ्यातही मला त्याची हळहळ वाटली.

शनवाऱ्यात पोचलो तेव्हा मुलगा आलेला होता. त्यानं किंमत विचारली, आणि मी खरं तेच सांगितलं: बाजारात याला कुणी घेणार नाही. त्यानं खांदे उडवले नि चहाला आत गेला. अल्बम काकूंच्या मांडीवर राहिला.

त्यांनी तुकडा रिकाम्या जागी चिकटवला आणि अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरला. मग पेन्सिल घेऊन शेजारी तेवढीच एक चौकट आखली. खाली काही लिहिलं नाही.

"याचं कार्ड पण तुमच्याच पत्त्यावर येईल," त्या म्हणाल्या. "पोराला सांगून ठेवलंय मी. त्या वेळी मला दारात उभं ठेवू नका, भाऊ."