जाळीवरची हळद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर आधी गाडीबद्दलच बोलतो — गाडीबद्दल बोलणं सोपं आहे.

नव्वदनंतरची गोष्ट. पुण्याहून बेंगळुरूला एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून येऊन मला काही वर्षं झाली होती. गाडी माझ्याहून थोडीच लहान असेल. के. आर. पुरमला गर्दीत अडकलो की माझे डोळे रस्त्यावर नसायचे, तापमानाच्या काट्यावर असायचे. मागच्या सीटपाशी पाण्याचे कॅन कायम. रेडिएटर गळत होता. मेकॅनिक म्हणाला, जाळी आतून सडलीये, नवी बसवा. मी बसवली नाही. नवी गाडी घ्यायचं ठरलंच होतं — मग जुनीवर कशाला खर्च?

शेजारच्या शहाजीअण्णांना ती हवी होती. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. मराठीत निम्मं कन्नड. बँकेत कारकून, पण गल्लीत ओळख पेटीवाले अण्णा म्हणून. गुरुवारच्या भजनात त्यांची पेटी नसली, तर लोक लवकर उठून जायचे.

आता हळदीचं. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकली की ती फुगते, भोकं बुजतात. थोडे दिवस. मग तीच हळद बारीक नळ्यांत बसते आणि पाणी फिरेनासं होतं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझं शिक्षणच ते. तरी आयुधपूजेच्या, म्हणजे इकडे गाड्यांना हळद-कुंकू लावून पूजतात त्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरातला हळदीचा डबा घेऊन खाली गेलो.

अण्णा गाडी बघायला आले ते पूजेच्या दुसऱ्या दिवशी, अगदी सकाळी. वेळ मीच सांगितली होती — गार हवेत काटा वर चढत नाही. बॉनेट उघडलं. जाळीवर पिवळे ओघळ सुकलेले. अण्णांनी त्यावर बोट फिरवलं, आणि — तेच बोट कपाळाला लावलं. पूजेची हळद वाटली त्यांना.

"स्वल्प तापती काय हो साहेब, म्हातारी?"

"छे. कधीच नाही."

एवढंच असतं, तर कदाचित मी हे सांगितलंही नसतं.

अण्णांनी गाडी घेतली. दिवाळीनंतर ते तिच्यातून घरच्यांना घेऊन देवनहळ्ळीकडे प्लॉट बघायला निघाले. भर दुपारी वाटेत गाडी उकळली. अण्णांनी फडकं धरून झाकण फिरवलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जखमा भरल्या, पण बोटं पुरती उघडेनात.

मी दवाखान्यात गेलो होतो. काय बोललो असेन? आत वाफेचा दाब असतो, गरम असताना झाकण उघडायचं नसतं — हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. हात पट्ट्यांत गुंडाळलेल्या माणसाला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "सरी, बरोबर आहे. माझंच चुकलं."

पुढे ते सगळ्यांना तसंच सांगू लागले. कुणी पेटीचा विषय काढला की हसायचे. "साहेबांनी गाडी देतानाच बजावलं होतं, झाकणाला हात लावू नका म्हणून. मी शहाणा, ऐकतोय कुठं." खरंच तसं आठवत होतं त्यांना? दवाखान्यातलं माझं बोलणं आधीचं वाटत होतं? की सगळं ओळखून मला सांभाळून घेत होते? ते आता नाहीत. मी कधी विचारलं नाही.

एका गुरुवारी भजन संपल्यावर, सगळे बसलेले असताना, त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बजावलं होतं की नाही हो, साहेब?" पेटी भिंतीशी होती, कापड घालून झाकलेली. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "हो, अण्णा. बजावलं होतं."

बजावलं नव्हतं. मी हळद टाकली होती.