सातवी फेरी संपल्यावर

एलिस व्हर्डिन जन्मला तेव्हा नर्स म्हणाली होती की हे पोर नाही, दाराला लावायचा अडसर आहे. लुइझियानाच्या पार दक्षिणेला, जमीन विरघळून पाणथळ होते तिथल्या एका गावात त्याचा बाप रेमी कोळंबीची बोट चालवायचा आणि आई ओडेट शाळेच्या कॅन्टीनमध्ये भात वाढायची. एलिस चौदाव्या वर्षी ओलं जाळं एकट्याने ओढू लागला. मग शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या, हातात चेंडू घेऊन धडका मारत खेळायच्या खेळाच्या, संघाने त्याला आघाडीच्या फळीत उभं केलं आणि सांगितलं, मागे चेंडू फेकणारा पोरगा उभा आहे, त्याच्यापर्यंत कोणाला पोचू द्यायचं नाही. एलिसने ते मनावर घेतलं. कॉलेजात गेला तोवर त्याला ओलांडून जाणं म्हणजे भिंत ओलांडण्यासारखं झालं होतं.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, मोसम सुरू व्हायच्या आधी, तो संघाच्या बैठकीत उभा राहिला. मला मुलगे आवडतात, म्हणाला. कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारा मार्सेल माझा नुसता मित्र नाही, जोडीदार आहे. कुजबुजीतून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका.  मग चेंडू फेकणारा कॅश म्हणाला, "ट्रॉम्बोनवाला? एलिस, मला तुझ्या कानांची काळजी वाटते." आणि खोली हसून हसून कोसळली.

घरी एवढं सोपं गेलं नाही. रेमी ऐकून घेऊन बोटीवर गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून राहिला. परत आला तो मासळीच्या वासासकट थेट एलिससमोर उभा.

"त्या पोराला क्रॉफिश सोलता येतात का?"

"येतात, डॅडी."

"मग आण रविवारी. उपाशी पाठवायचं नाही कोणाला."

पुढचे दोन मोसम एलिस असा खेळला की व्यावसायिक संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत जाणकार त्याला धरू लागले. पण ड्राफ्टचा एप्रिल जवळ आला तसं त्याचं नाव अंदाजांमधून खाली घसरायला लागलं. खेळात काही खोट नाही, पण त्याच्यामागे कॅमेरे येतील, असं कोणीतरी नाव न सांगता वर्तमानपत्राला सांगितलं. मुलाखतीत एका संघाच्या माणसाने विचारलं, तुझ्यामुळे आमच्या पोरांचं लक्ष उडालं तर? एलिस म्हणाला, "लक्ष समोरच्या संघाचं उडायला हवं. त्याचेच पैसे देणार ना तुम्ही?" माणूस हसला आणि त्याने वही मिटली.

ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, रेमीच्या अंगणात अर्धं गाव लोटलं. मोठ्या पातेल्यांतून दलदलीतल्या छोट्या शेवंड्यांसारखे लालभडक क्रॉफिश, मका आणि बटाटे थेट कागद अंथरलेल्या टेबलांवर ओतले जात होते. टीव्ही अंगणालगत बांधलेल्या बोटीच्या डेकवर चढवला होता, म्हणजे सगळ्यांना दिसेल. एलिसची आजी, मॉमॉ, पुढच्या खुर्चीत बसून निवडल्या जाणाऱ्या प्रत्येक पोराचा समाचार घेत होती.

"हा? याच्या पोटऱ्या बघा. बगळ्याच्या बऱ्या."

"मॉमॉ, तो चेंडू लाथाडणारा आहे," मार्सेलने समजावलं.

"मग लाथ तरी जाड नको का?"

पाचव्या फेरीत एलिसचा फोन वाजला.  कोणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला, ओडेटने मार्सेलचा हात घट्ट धरला. फोनवर बर्फवाला होता, आणखी पोती हवीत का विचारत होता. हशा पिकला, पण एलिसने फोन खिशात न ठेवता हातातच धरला. सहावी फेरी गेली. सातवीत नावं भराभर येऊ लागली, त्यातली कित्येक एलिसने मैदानावर लोळवलेल्या पोरांची. शेवटचं नाव पुकारलं गेलं आणि ड्राफ्ट संपला.

लोक आपापल्या टेबलाकडे बघू लागले. रेमीने टीव्ही बंद केला. 

तेवढ्यात एलिसची वकील लोर्ना प्रुइट खुर्चीवरून उठली. खेळाडूंचे करार करून देणं हाच तिचा धंदा. तिने हात पुसले. "सुतकी चेहरे आवरा," ती म्हणाली. "ज्याला कोणी निवडलं नाही, त्याला आता कोणाकडे जायचं ते स्वतः निवडता येतं. खरी धावपळ आत्ता सुरू होते."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा फोन वाजला, मग एलिसचा, मग पुन्हा तिचा. अंगणात जणू कोणी पुन्हा जाळ लावला. पोरं धावत जवळ आली, मॉमॉ खुर्ची पुढे ओढा म्हणून ओरडू लागली.

पहिल्या संघाचा माणूस फार गोड बोलला. एलिसच्या धैर्याचं कौतुक केलं, सोमवारी पत्रकारांना बोलावू म्हणाला. फुटबॉलचा शब्द काढला नाही. दुसऱ्याला उत्तर लगेच हवं होतं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला फोन करणार होता. लोर्नाने त्याला ताटकळत ठेवलं आणि तिसरा फोन एलिसच्या हातात दिला. उत्तरेकडच्या, बर्फातल्या एका संघात आघाडीची फळी शिकवणारा म्हातारा प्रशिक्षक स्टानेक बोलत होता. आवाज घोगरा, नमस्कार-चमत्कार काही नाही.

"नोव्हेंबरात पावसातली मॅच. तिसरा क्वार्टर. तो पोरगा तुझ्या आतल्या बाजूने घुसला. का?"

एलिस गडबडला. "मला वाटलं, बाहेरून येणार."

"वाटलं? तुझा डावा पाय आधीच मागे गेला होता. त्याने तो बघितला, म्हणून आत आला. आत्ता कसा उभा राहशील ते कर."

एलिसने फोन कानाला लावूनच टरफलांच्या पसाऱ्यात बैठक घेतली. मार्सेलला खुणेने समोर बोलावलं. मार्सेल बिचारा अंगावर धावून आला आणि थेट मक्याच्या टेबलावर जाऊन पडला. अंगणभर आरडाओरडा झाला.

"काय कोसळलं?" स्टानेकने विचारलं.

"मार्सेल. पाय जागेवर होता, सर."

एलिसला हसू आवरत नव्हतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला त्याच्या खेळावरून झापत होतं. तरीही त्याने विचारलंच, "सर, माझ्याबद्दल तुम्हाला माहीत आहे ना?"

"पेपर वाचतो मी. त्या मार्सेलला म्हणावं, जाड कोट घे. आमच्याकडे एप्रिलातही बर्फ पडतो. येतोस का?"

एलिसने लोर्नाकडे पाहिलं. तिने मान हलवली. "येतो," तो म्हणाला, आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही, कारण रेमीने त्याला मागून मिठी मारून जमिनीवरून उचललं होतं. एलिसला उचलणं गावात आजवर कोणाला जमलं नव्हतं.

उन्हाळी शिबिरात त्याच्या जागेसाठी पाच जण होते. नावं कापण्याच्या दिवशी दोन उरले, त्यात एलिस होता. ऑक्टोबरात त्याच्या जागेवर आधी खेळणाऱ्याचा घोटा मुरगळला आणि स्टानेकने बोट दाखवलं, जा. एलिस धावत मैदानात गेला. पहिल्याच डावात समोरचा आडदांड गडी त्याच्यावर आदळला आणि तिथेच अडकला. मागे चेंडू फेकणाऱ्याला हवा तेवढा वेळ मिळाला.

प्रेक्षकांत उभा रेमी जन्मात पहिल्यांदाच लुइझियाना सोडून इतक्या उत्तरेला आला होता. दात वाजत होते, तरी तो सबंध मॅच उभाच. शेजारच्या अनोळखी माणसाला त्याने हलवून हलवून सांगितलं, "तो अडुसष्ट नंबरचा, तो माझा पोरगा." मग मार्सेलच्या खांद्यावर थाप मारली. "आणि हाही आमचाच."