पोपटाचा गुलाबी पट्टा

शहापुरात आमच्या शेजारी एक विणकर अण्णा राहत. कुठलीही वस्तू ते आधी अंगठ्याने चोळून बघत, मगच बोलत. महायुद्धामुळे विलायती रंगीत पेन्सिली मिळेनाशा झाल्या होत्या, आणि मला शाळेत मी शिकवत होते त्या वर्गासाठी पोपट काढायचा होता. रंग ओळखणारा माणूस म्हणून मी त्यांना खडेबाजारात नेलं.

दुकानदाराने दाखवलेला गुळगुळीत, महाग कागद त्यांनी चोळला आणि परत केला. "घसरतंय, आक्का. रंग बसायचा न्हाय." आम्ही खरखरीत कागद आणि मिळाल्या त्या देशी रंगीत पेन्सिली घेतल्या. घरी आल्यावर त्यांनी प्रत्येक पेन्सिलीची एक रेघ कागदाच्या पट्टीवर ओढली आणि ती पट्टी मागाजवळच्या खिडकीत उन्हात लावली.

"सुताचा रंग आमी असाच बघतो. म्हैनाभर थांबा."

मी थांबले नाही. चित्र काढून वर्गात खिडकीसमोर टांगलंसुद्धा.

महिन्याने ते पट्टी घेऊन शाळेत आले. तिच्यावरची गुलाबी रेघ पार उडाली होती, आणि माझ्या पोपटाच्या गळ्याचा गुलाबी पट्टाही. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. त्यांनी पोपटाचा उडालेला गळा अंगठ्याने चोळून बघितला.

"मादीला पट्टा नसतोय," ते म्हणाले. "ही मादी झाली. शेजारी नर काढा, ह्या पेन्सिलीनं."

आणि त्यांनी पट्टीवर टिकलेल्या तांबड्या रेघेवर अंगठा ठेवला.