ऑइलपेंटची रेघ

लाकडी पाठीचं डस्टर माणसाच्या डोळ्यावर बसलं की आवाज फार होत नाही. ओल्या मातीत दगड पडावा, तेवढाच. तो आवाज मी बावीस वर्षं ऐकतोय. डस्टर माझ्याच टेबलावरचं होतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. इंग्रजांच्या अमलात आपल्याकडे राज्यकारभाराचे कायदे कसे टप्प्याटप्प्यानं आले, हा माझा हातखंडा भाग. १९०९, १९१९, १९३५. पोरं त्याला पाढा म्हणायची. पाढा रटाळ होऊ नये म्हणून नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एक उद्योग केला. १९०९च्या कायद्यानं मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले, म्हणजे त्यांचा उमेदवार वेगळा आणि त्याला मत देणारेही वेगळे. हे मी आठवडाभर वर्गात करून दाखवणार होतो.

वर्गात एकोणपन्नास मुलं, त्यांत नऊ मुसलमान. मतपेट्या म्हणून तेलाचे दोन रिकामे डबे. साहेब मी, वडिलांची शेतातली गवती टोपी डोक्यावर. वर्गाचे दोन भाग करायला खडूची रेघ मारली, ती मधल्या सुट्टीतच पायांनी पुसली गेली. नऊ जणांतला एक मुलगा सुट्टीच्या दिवशी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला म्हटलं, "उद्या ऑइलपेंट आण. पक्की मार."

"मंग निघनार नाही ते, सर."

"इंग्रजानं मारलेली कुठं निघाली?"

वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं शहाबादी फरशीवर गुडघ्यांनी सरकत, पट्टी न धरता, फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत पांढरी रेघ मारली. सरळ अशी की बघत राहावं. रेघेपलीकडच्या नऊ जणांनी त्यालाच आपला उमेदवार केलं.

तिसऱ्या दिवशी मी वर्गात आलो तर रेघेच्या आरपार पेरू चाललेले. इकडचा तिकडच्या उमेदवाराची जाहिरात लिहून देत होता. "तुह्या डब्यात मत टाकू का बे? सायब हाकलून दीन!" असं म्हणून दोघं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते.

मला राग आला. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण राग आला खरा. माझा धडा वाया चालला होता. मी टेबलावर हात आपटला. "हसता काय? या रेघेपायी पुढं माणसं मेली! तुमचा वाटा समोरचा खातोय आणि तुम्ही पेरू खाताय? तापा जरा!" चाळीस जणांच्या बाजूच्या एका दांडग्या मुलाला उभं केलं आणि विचारलं, "त्या नऊ जणांचा एक उमेदवार निवडून येणार, तुम्हा चाळीस जणांचाही एकच. तुला काही वाटत नाही?" तो गोंधळून म्हणाला, "वाटते, सर." "मग बोल की!"

तो बोलला. दुसऱ्या दिवशी बाकीचेही बोलले. पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिकडचा एक जण पेन मागायला रेघ ओलांडून आला.

"आपल्या डब्याकडं जा बे."

"पेन मांगून राह्यलो, तुही जमीन नाही मांगत."

पहिली थोबाडीत कुणी मारली ते मला दिसलं नाही. बेंच उलटले. एका बेंचची लोखंडी पट्टी उपटून कुणीतरी ती दुसऱ्याच्या पाठीत घातली. तो पालथा पडला, त्याच्या बोटांवर बूट पडले. दात पडलेल्या एका मुलाचा शर्ट छातीपर्यंत लाल झाला. शिव्या वर्गातल्या नव्हत्या, त्यांच्या घरातल्याही नव्हत्या. पाट्या रंगवणारा मुलगा दोन्ही हात पसरून रेघेवर उभा राहिला. "अबे, खेळ आहे हा! सरांचा खेळ आहे!" असं ओरडत होता. त्या दांडग्यानं माझ्या टेबलावरचं डस्टर उचललं आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर हाणलं. तो खाली बसल्यावर परत हाणलं.

मी दारात होतो, हातात चहा. पहिल्या चपराकीपासून पहिल्या डस्टरपर्यंत मी हललो नाही. भीतीनं नाही. 'आता धडा जमला,' असं मला वाटलं होतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

डोळा गेला. चौकशी समितीसमोर प्रश्न आला, रेघ कोणी मारली? मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. मी लेखी दिलं: "सदर विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने मारली. मी सांगितले नव्हते." तो तेव्हा दवाखान्यात होता. कॉलेजातून काढून दाखला त्याच्या घरी पाठवला.

या जूनमध्ये अकरावीचे अर्ज तपासताना एका मुलीच्या अर्जात वडिलांच्या रकान्यात त्याचं नाव वाचलं. पालकाचे शिक्षण: अकरावी अपूर्ण.

आठवडाभरानं देऊळगाव राजाची बस धरली. स्टँडमागे त्याचं दुकान आहे; फ्लेक्सनं पाट्यांचं काम संपवलं, आता तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. मी बोलायला लागलो, तर ब्रश न थांबवता म्हणाला, "मले काऊन सांगता? मले तर माहीतच आहे. सायब तुमीच झालते ना." स्वतःच हसला. मग हसू गेलं. "पोरीले लोकं म्हनतात, तुह्या बापानं कॉलेजात दंगल लावली. तिले सांगा. वर्गात सांगा, सगळ्याइसमोर."

"सांगतो."

"चहा घेता का?" मी नको म्हणून मान हलवली, तर म्हणाला, "आज वर्गाच्या दारात नाही ना तुमी. घ्या." त्यानं मला तेव्हा दारात चहा घेऊन उभा पाहिलं होतं.

१९०९चा कायदा शिकवायचा आला त्या दिवशी मी मुलांना मधले बेंच सरकवायला लावले. रेघ होती, पिवळी पडलेली, पण अखंड. मी सगळं सांगितलं. पेरू, टोपी, चहा, डस्टर, लेखी जबाब. मागून एकानं विचारलं, "मंग तुमाले काय झालं, सर?"

"त्याच साली मी कायम झालो."

त्याची मुलगी तिसऱ्या बेंचवर होती. रडली नाही. उभी राहून म्हणाली, "सर, अब्बाच्या विरोधात तुमी लेखी देल्लं होतं ना? मंग हेबी लेखीच द्या."

दुसऱ्या दिवशी सहीचा कागद तिला दिला, एक प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. त्यावर सगळी नावं आहेत, माझं सगळ्यात वर. प्राचार्य म्हणाले, "एवढ्या वर्षांनी कशाला?" आणि कागद उलटा ठेवला. म्हणून इथे पुन्हा लिहितोय, जिथे उलटा ठेवता येणार नाही. त्या मुलानं रेघ स्वतःच्या मनानं मारली नव्हती. मी सांगितलं होतं.